आबा आणि विमानाची चाकं

माझा धाकटा भाऊ औरंगाबादेत आयटीआय करून मुंबईला गेला आणि एका विमान कंपनीच्या वर्कशॉपमध्ये लागला. पहिल्याच पत्रात त्यानं लिहिलं होतं की, मला चाकांच्या खात्यात घेतलंय. मी ते पत्र आबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. आबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "विमान उडतं. त्याला चाकाचं काय काम? उभं ऱ्हायला लागतेत, तेवढ्यापुरते."

आबा म्हणजे आमचे वडील. ते मुलाच्या नोकरीवर नाराज होते अशातला भाग नव्हता. पण ते स्वतः जालन्याच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायच्या कारखान्यात, फिटर होते. तेलपाणी करणारा गडी म्हणून लागले आणि बघून बघून फिटर झाले. शाळा चौथीपर्यंतची. त्यांच्या हिशोबानं कारखान्यात दोनच खरी कामं: एक इंजिनाचं आणि दुसरं इंजिनाची ताकद सगळ्या यंत्रांपर्यंत नेणाऱ्या शाफ्टचं. बाकी सगळं किरकोळ. पोरगं विमानात गेलं ते गेलं, आणि तिथंही चाकं पुसत बसलं, असं त्यांना वाटलं असणार. गल्लीतल्या लोकांनी त्यात भर घातली. भाऊ सुट्टीवर आला की एखादा तरी विचारायचाच, विमान पंक्चर झाल्यावर पाण्याच्या टबात बुडवता का म्हणून.

त्यानंतर दोन वर्षांत आबांचे डोळे गेले. काचबिंदू होता. औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर आता परत यायची नाही. फिरत्या पट्ट्यांच्या मध्ये आंधळ्या माणसाला कोण उभं करणार? जिनिंग सुटलं. मला तेव्हा नुकतीच अंबडच्या शाळेत नोकरी लागली होती. दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि आई-आबांना अंबडला आणलं.

अंबडला आबा दिवसभर बाजेवर बसून असायचे. दारावरून कोर्टाकडे जाणारी माणसं, बाजाराच्या दिवशी बैलगाड्या, स्टँडवरच्या एसट्या, हे सगळं त्यांच्या कानावर पडायचं. त्यातलं एक अक्षरही ते बोलून दाखवायचे नाहीत. जेवलात का, तर हो. झोप लागली का, तर हो. मी शाळेतून आले की वर्गातल्या गमती सांगायचे. ते ऐकायचे, पण हसायचे नाहीत. पन्नाशी नुकती ओलांडलेला माणूस मी डोळ्यांदेखत म्हातारा होताना बघत होते.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. भावाला मुलगी झाली. आई बाळंतपणासाठी आधीच रेल्वेनं मुंबईला गेली होती. नाव ठेवण्याच्या कार्यक्रमाला आम्ही दोघांनी जायचं होतं. भावानं पाकिटातून दोन कागद पाठवले. कंपनी नोकरांच्या आईवडलांना आणि बिनलग्नाच्या बहिणीला वर्षातून एकदा फुकट विमानप्रवास द्यायची, त्याचे ते पास होते. अट एकच होती. तिकीट काढलेले सगळे बसल्यावर जागा उरली तरच पासवाल्यांना घ्यायचं. न उरली तर मुकाट घरी जायचं.

आबांनी साफ नाही म्हटलं. "मला आंधळ्याला विमानात बसवून काय फायदा? कोणा डोळसाला न्या."

पास तुमच्याच नावाचा आहे, दुसऱ्या कोणाला चालत नाही, असं मी सांगितलं. तेव्हा त्यांनी विचारलं, "त्याचं इंजन कुठं असतं? तोंडाला का पंखाला?"

मला माहीत नव्हतं. मी विमान पाहिलं होतं ते फक्त आभाळात, तेही ठिपक्याएवढं.

"मास्तरीण हायेस अन् एवढं ठाऊक न्हाई," आबा म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपला पांढरा सदरा इस्त्रीला द्यायला सांगितला.

अंबडहून पहाटेची एसटी धरून जालना, तिथून औरंगाबाद, आणि तिथून टांग्यानं चिकलठाण्याचा विमानतळ. तेव्हा जालना वेगळा जिल्हा नव्हता, औरंगाबाद जिल्ह्यातच होता, त्यामुळे तो रस्ता आमच्या पायाखालचा. विमानतळ मात्र मी पहिल्यांदाच बघत होते. बाकावर लेणी बघून परत निघालेले गोरे पाहुणे बसले होते, काही व्यापारी होते, एक नवं जोडपं होतं. आम्ही कोपऱ्यात बसलो. नावं पुकारली जात होती, माणसं आत जात होती. एकेक बाक रिकामं होत गेलं. आबा काठीवर दोन्ही हात ठेवून ताठ बसले होते. शेवटी हॉलमध्ये आम्ही दोघंच उरलो. काउंटरवरच्या बाबूनं यादीवर बोट फिरवलं, आत कोणाला तरी विचारून आला आणि म्हणाला, दोन जागा आहेत, जल्दी चला.

पटांगणात ते विमान उभं होतं. मी थांबलेच. एवढी मोठी वस्तू उडत असेल हे मुलांना शिकवताना कधी मनावर घेतलं नव्हतं. पंख वरच्या अंगाला होते, छपरासारखे, आणि प्रत्येक पंखाखाली एकेक लांबट इंजिन, त्याला तोंडाशी पाती. मी आबांना सांगितलं, "इंजिनं पंखाला हायेत आबा. दोन."

"दोन," ते म्हणाले.

आत दोन-दोन खुर्च्यांच्या रांगा होत्या. आबांनी खिडकी मला दिली आणि स्वतः मधल्या वाटेच्या बाजूला बसले. वाटेच्या पलीकडे सफारी घातलेले एक गृहस्थ होते. महिन्यातून दोनदा तरी आपलं जाणं-येणं असतं, असं त्यांनी आपण होऊन सांगितलं. एक तरणी हवाई सुंदरी ताट घेऊन आली. त्यात गोळ्या होत्या, बडीशेप होती आणि कापसाचे लहान लहान बोळे होते. गोळी कशासाठी ते कळलं, कापूस कशासाठी ते कळेना. ती हिंदीत म्हणाली की आवाज फार होतो, कानात घाला.

आबांनी बोळा घेतला. दोन बोटांनी त्याचा धागा ओढून बघितला, पुन्हा ओढला. "चांगल्या लांब धाग्याचा हाय," ते मला म्हणाले. मग निजामाच्या राज्यातल्या उर्दूत, जी ते अजून साफ बोलायचे, त्या मुलीला म्हणाले, "बेटी, मैं तो सुनने आया हूँ. कान बंद करके क्या करूँ?" आणि तो कापूस त्यांनी खिशात टाकला.

इंजिनं सुरू झाली. आधी बारीक शिट्टीसारखा सूर, तो चढत चढत कानठळ्या बसवणारा झाला. आबांनी काठी उचलली, तिचं टोक पायांमधल्या जमिनीवर टेकवलं आणि मूठ कानशिलाला लावली.

हे मी लहानपणी पाहिलं होतं. डबा द्यायला जिनिंगवर गेले की आबा एखाद्या फिरत्या यंत्राजवळ वाकून उभे दिसायचे. लोखंडी सळईचं एक टोक बेअरिंगच्या घराला आणि दुसरं स्वतःच्या कानाला. कुठलं बेअरिंग कोरडं पडलंय, कुठलं घासतंय, हे त्यांना सळईतून कळायचं. डोळे गेल्यापासून मी त्यांना काही ऐकायला असं वाकलेलं पाहिलं नव्हतं.

विमान उडालं ते मला धड आठवत नाही. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा खाली तपकिरी, हिरवे तुकडे होते आणि नदी सुतळीएवढी झाली होती. मी आबांना सांगायला लागले, हे शेत, हा डोंगर. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. ते ऐकत होते. अर्धा तास तो माणूस काठीला कान लावून बसला होता. मध्येच एकदा म्हणाले, "दोन्ही इंजनं एका सुरात चालून राह्यलेत. एकाचा सूर जराही इकडंतिकडं न्हाई. असं जुळवणारा फिटर मोठा असंल."

मग खाली उतरायची वेळ आली. माझे कान एकाएकी बंद झाले, जणू पाण्यात बुडी मारलीय. हवाई सुंदरी पट्टे बांधा म्हणत फिरून गेली. इंजिनांचा आवाज एकदम उतरला. इतका उतरला की मला वाटलं, बंद पडली. मी आबांचं मनगट धरलं.

"बंद न्हाई पडली, माय," ते म्हणाले. "ताकद कमी केली. उतारावर गाडी सोडतेत तसं."

थोड्या वेळानं पायाखालून घुं घुं असा दळण चालल्यासारखा आवाज यायला लागला आणि विमान जरा अंग चोरून हळू झालं. आबा म्हणाले, मोटर फिरतेय, पंखाचं काहीतरी बाहेर सरकतंय. मी खिडकीतून बघितलं, तर खरंच पंखाची मागची कड खाली वाकत चालली होती. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. डोळे उघडे होते, नजर नव्हती, आणि चेहरा कसा होता सांगू? चालू जिनिंगमध्ये असायचा तसा.

तेवढ्यात फुस्स करून जोराची हवा सुटली आणि धाडकन काहीतरी आदळलं. पाठोपाठ दुसरं. मग पुढून तिसरं. सगळं विमान हाललं आणि बाहेरून वाऱ्याचा घोंघाट आत आला. माझ्या खिडकीबाहेर इंजिनाच्या पोटाची दारं उघडली होती आणि त्यातून एक जाड पाय खाली येऊन अडकला होता. त्याच्या टोकाला जोडचाकं.

"चाकं," मी म्हणाले.

"तीन जागी," आबा म्हणाले. "आत मिटून ठेवलेले होते. हवेच्या जोरावर खाली टाकले." मग अगदी हळू विचारलं, "हे त्याचं काम हाय का?"

मी हो म्हणाले. त्यांनी काठी कानापासून काढून परत लावली.

खाली झोपड्या दिसायला लागल्या, मग रस्त्यावरच्या मोटारी, मग वाळत घातलेले कपडेसुद्धा. जमीन इतकी जवळ आली की मी पाय उचलून घेतले. आणि त्याच क्षणी दोन्ही इंजिनं अशी गर्जली की खुर्च्यांचे सांधे खडखडले. विमानानं नाक वर केलं. मी खुर्चीच्या पाठीला दाबली गेले. मागं एक बाई रडायला लागली. जमीन पुन्हा खाली निघाली होती आणि का, ते कोणालाच माहीत नव्हतं.

पलीकडच्या सफारीवाल्या गृहस्थांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. महिन्यातून दोनदा जाणारा माणूस, पण चेहरा पांढरा फटक. त्यांनी आबांकडे बघून विचारलं, "काय झालं हो?" एवढ्या लोकांत आंधळ्या माणसाला त्यांनी का विचारावं? पण त्या घटकेला सगळ्या विमानात न घाबरलेलं तोंड ते एकच होतं.

आबा म्हणाले, "चाकं परत वर घेतले, साहेब. आता फेरा मारून येईल. मशीनला काही झालेलं न्हाई. दोन्ही इंजनं बराबर हायेत. बसा निवांत."

मी खिडकीतून पाहिलं. जाड पाय आत गेला होता आणि दारं मिटली होती. ते मिटल्याचा आवाज त्या सगळ्या गोंधळात मला ऐकूही आला नव्हता.

गृहस्थांनी मागच्या रांगेला सांगितलं, मागच्यांनी त्यांच्या मागं. काही नाही, फेरा मारतोय. रडणारी बाई थांबली. मग लाउडस्पीकरवर कॅप्टनचा आवाज आला. इंग्रजीत, मग हिंदीत. पुढचं विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झालेलं नव्हतं म्हणून आम्ही वर आलो, पुन्हा उतरतोय, काळजी नसावी. गृहस्थांनी आबांकडे वळून पाहिलं आणि विचारलं, तुम्ही या खात्यातले का?

"न्हाई," आबा म्हणाले. "मी कापसातला."

खाली मुंबईला वळसा घालत आम्ही समुद्रावर गेलो. मी तोवर समुद्र पाहिला नव्हता. उन्हात पत्रा तापावा तसं पाणी चमकत होतं आणि त्याला पलीकडचा काठ नव्हता. मला आबांना ते सांगायचं होतं. मी नुसता त्यांचा हात धरून बसले.

पुन्हा आवाज उतरला. पुन्हा पंखाची घुं घुं. पुन्हा फुस्स करून हवा सुटली. धाड. आबांनी बोट वर केलं, एक. धाड. दोन. मग काहीच नाही. त्यांची बोटं माझ्या हातात आवळली गेली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि पहिल्यांदाच त्या तोंडावर मला भीती दिसली. दोन श्वास गेले असतील. पुढून तिसरा आवाज आला, जरासा दबका. आबांनी श्वास सोडला.

"आलं," ते म्हणाले. "तीन झाले."

चाकं टेकली तेव्हा चर्र असा आवाज झाला, एक हिसका बसला, मग दुसरा. लगेच पंख्यांचा सूर बदलून फडफडाट झाला, जसं काही वारं उलटं वाहायला लागलंय. सगळे पुढं झुकलो. ब्रेकांचं कण्हणं, खडखड, आणि हळूहळू ती सगळी ताकद निवळत निवळत एसटीच्या चालीवर आली. कोणीतरी टाळी वाजवली. आबा काठी मांडीवर आडवी ठेवून बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं भीतीनं असेल. नव्हतं. ते म्हणाले, "केवढं वजन, माय. एवढं सगळं वजन त्या चाकांनी घेतलं. अन् मी म्हणलो, उभं ऱ्हायला लागतेत."

शिडीच्या तळाशी भाऊ उभा होता. निळे कपडे, हाताला ग्रीस. आमचं विमान कुठलं ते कळल्यावर साहेबाला विचारून तो आला होता. आबांनी त्याला चाचपून ओळखलं, आणि घरच्यांची खुशाली विचारायच्या आधी म्हणाले, "दाखव."

भावाला कळेना. मी सांगितलं, चाक. तो आम्हाला पंखाखाली घेऊन गेला. इंजिनं बंद झाली होती, पण आतून टिक टिक करत निवत होती. त्यानं आबांचा हात धरून टायरवर ठेवला. आबांनी पंजा पसरला. टायर चांगलं कोमट होतं, त्यांनी मला हात लावायला सांगितला. मग त्यांनी वर जाणारा तो जाड पाय चाचपला, बाजूचे नळ चाचपले, आणि भावाला प्रश्न विचारायला सुरुवात केली. हवा किती दाबावर? मिटल्यावर अडकवून कोण धरतं? खाली आल्यावर पुन्हा मिटू नये म्हणून काय केलंय? तिसरं उशिरा का आलं?

भाऊ दचकला. "तुम्हाला कसं कळलं उशिरा आलं ते?"

"ऐकलं," आबा म्हणाले.

भावानं सांगितलं की पुढच्या चाकाला समोरून वारा दाबतो, त्यामुळे कधी मागंपुढं होतं, त्यात काही बिघाड नाही. तरी मी सांगतो बघायला. तो एकेक उत्तर देत होता आणि माझ्या लक्षात आलं की कारखान्यात वरच्या माणसाशी बोलतात तसा तो आबांशी उभा राहून बोलत होता. एका साहेबानं लांबून हाक मारली, पाहुण्यांना इथून न्या म्हणून, तेव्हा कुठं आम्ही निघालो.

बाळाच्या नावाचा कार्यक्रम चाळीतल्या गच्चीवर झाला. त्रिशरण-पंचशील झालं, खीर झाली. आबांनी नातीला मांडीवर घेतलं, पण बोलणं सगळं चाकांचं. आई म्हणाली, दोन वर्षं तोंड शिवलं होतं, आता बंद होईना.

परत येताना विमानात जागा उरली नाही. दोन दिवस हेलपाटे घालून आम्ही तिघं रेल्वेनं आलो. आबांना त्याचं वाईट वाटलं नाही. जालन्यापर्यंत ते डब्यातल्या लोकांना विमान कसं उतरतं ते सांगत होते, तोंडानं आवाज काढून.

जालन्याला उतरल्यावर ते म्हणाले, घरी जायच्या आधी जिनिंगवर जाऊ. हंगाम चालू होता. फाटकावर रुईचे तंतू हवेत तरंगत होते, सरकीचा वास येत होता. जुने सोबती गोळा झाले, चहा आला. आबांनी त्यांना सगळी हकीगत सांगितली. बोलता बोलता ते मध्येच थांबले, मान वाकडी केली आणि म्हणाले, पलीकडच्या ओळीतलं तिसरं मशीन, त्याचं डाव्या अंगाचं बेअरिंग खराब व्हत चाललंय, आज-उद्या जाम धरंल. नव्या फिटरनं हसण्यावारी नेलं. पण म्हातारा मुकादम उठला आणि त्यानं मशीन थांबवायला लावलं. बेअरिंग खोललं तर आतल्या गोळ्या तापून निळ्या पडलेल्या.

आठवड्यानं मुकादमाचा माणूस अंबडला आमच्या दारात आला. मालकांनी विचारलंय, हंगाम आहे तोवर आठवड्यातून एक दिवस येऊन मशीनं ऐकून जाल का. आबा बाजेवरून उठून उभे राहिले. हो म्हणायच्या आधी त्यांनी माझ्याकडे तोंड केलं. मी म्हणाले, जा.

पुढं पाच हंगाम ते जात होते. रविवारी मी त्यांना एसटीनं जालन्याला नेऊन फाटकावर सोडायचे. आतून कोणीतरी येऊन त्यांचा हात धरायचं, आणि ते माझा निरोपही न घेता आत चालायला लागायचे. बाहेरच्या लिंबाखाली मी मुलांच्या वह्या तपासत बसायचे. आतल्या मशीनांपैकी एखादं मध्येच थांबायचं, थोडा वेळ शांत असायचं आणि मग पुन्हा चालू व्हायचं.